पल्स ऑक्सिमीटर नीट कसा वापरावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अतिदक्षता विभागात अनेक वर्षं परिचारिका म्हणून काम केलं आणि आता नव्याने रुजू होणाऱ्यांना मॉनिटरिंग शिकवते. खालचे प्रश्न मला त्यांनी, वॉर्डातल्या सहकाऱ्यांनी आणि घरी रुग्ण सांभाळणाऱ्या नातेवाइकांनी विचारलेले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण चुका नेमक्या तिथेच होतात.

बोटाला लावलेल्या चिमट्याला रक्तातला ऑक्सिजन कळतो तरी कसा?

चिमट्याच्या एका बाजूला दोन बारीक दिवे असतात. एकाचा प्रकाश लाल, सुमारे ६६० नॅनोमीटरचा. दुसऱ्याचा अवरक्त, सुमारे ९४० नॅनोमीटरचा, तो डोळ्यांना दिसत नाही. समोरच्या बाजूला प्रकाश मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषतं आणि ऑक्सिजन सोडून आलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषतं. दोन्हींचं प्रमाण काढलं की सॅचुरेशनचा, म्हणजे किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलं आहे याचा, अंदाज बांधता येतो.

पण बोटात फक्त धमनीतलं रक्त नसतं. कातडी, हाड, नख, शिरांमधलं रक्त असं सगळंच प्रकाश शोषतं. यातून वाट काढली ती ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून हृदयातून बाहेर पडणारं रक्त मोजायचा प्रयत्न करत होते आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांचा आलेख सारखा थरथरत होता. ही थरथर घालवायच्या प्रयत्नात त्यांच्या लक्षात आलं की दर ठोक्याला बदलतो तेवढाच प्रकाश धमनीतल्या रक्ताचा, बाकीचा स्थिर राहतो. मग बदलणारा भाग तेवढा घ्यायचा आणि स्थिर भाग वजा करायचा. १९७४ साली त्यांनी हे तत्त्व मांडलं आणि आजचं प्रत्येक यंत्र त्यावरच चालतं.

हा इतिहास मी प्रत्येक तुकडीला सांगते, कारण त्यातून एक गोष्ट आपोआप कळते. यंत्र नाडीवर उभं आहे. नाडी नीट मिळाली नाही तर पडद्यावर आकडा दिसत असला तरी त्याला आधार नसतो.

मग आकडा खरा की खोटा, हे ओळखायचं कसं?

आकड्याच्या आधी तरंग बघा. मॉनिटरवर सॅचुरेशनची वेव्ह असते. ती दर ठोक्याला सारखी उठली, चढ उभा आणि उतार सावकाश असला, उतारावर एखादी छोटी खाच दिसली, तर सिग्नल चांगला आहे. वेव्ह सपाट, दातेरी किंवा वेडीवाकडी असेल तर आकडा लिहून घेऊ नका.

त्यानंतर नाडी ताडून पाहा. ऑक्सिमीटरने दाखवलेली नाडी आणि ईसीजीवरची गती जुळते का? ईसीजी नसेल तर मनगटावर बोटं ठेवून स्वतः मोजा. ऑक्सिमीटर ५२ म्हणतोय आणि तुमच्या बोटांना १०४ लागतायत, तर त्याचं सॅचुरेशनही धरू नका. उलट बाजूने मात्र सावध राहा: नाडी जुळली म्हणजे सॅचुरेशन बरोबरच आहे, अशी खात्री देता येत नाही. एट्रियल फिब्रिलेशनसारख्या अनियमित ठोक्यांत दोन आकड्यांत थोडा फरक पडतोच, तिथे वेव्हवर जास्त भर द्या.

घरच्या छोट्या यंत्रांवर बऱ्याचदा वेव्हऐवजी वरखाली होणारी दांडी असते. ती दांडी नाडीबरोबर नियमित उसळत असेल तरच वाचन घ्या.

यंत्र किती अचूक असतं?

चांगल्या प्रतीची यंत्रं ७० ते १०० टक्क्यांच्या पट्ट्यात साधारण २ ते ३ टक्क्यांच्या फरकाने वाचतात. बहुतेक वाचनं या फरकात बसतात, काही त्याबाहेरही जातात. पडद्यावर ९० असताना धमनीतलं खरं सॅचुरेशन ८६ असू शकतं किंवा ९४. ७०च्या खाली तर आकड्यावर फार विसंबूच नये. यंत्राचं कॅलिब्रेशन निरोगी स्वयंसेवकांचा ऑक्सिजन नियंत्रितपणे कमी करून केलेलं असतं आणि त्याहून खाली कुणाला नेणं सुरक्षित नसतं. त्यामुळे खालचे आकडे केवळ पुढे ताणलेला अंदाज असतात. ६२ आहे की ५५, यावर वाद घालत बसू नका. दोन्हींचा अर्थ ‘ताबडतोब मदत’ एवढाच.

एका आकड्यापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची. सकाळी ९८ असलेला रुग्ण दुपारी ९४वर आला तर अलार्म वाजणार नाही आणि चार्टही ‘नॉर्मल’ दिसेल. पण काहीतरी बदललंय. अशा वेळी जाऊन छाती ऐका, श्वास मोजा.

९० टक्के म्हणजे शंभरातले ९० गुण. ते इतकं वाईट का?

ऑक्सिजनचा दाब आणि सॅचुरेशन यांचं नातं सरळ रेषेत चालत नाही. वरच्या टोकाला वक्र जवळजवळ सपाट असतो. धमनीतला ऑक्सिजनचा दाब १०० वरून ७० मिलिमीटरवर (पाऱ्याच्या मापात) घसरला तरी सॅचुरेशन चारपाच टक्क्यांनीच उतरतं. दाब ६०च्या आसपास आला की सॅचुरेशन ९०वर येतं आणि तिथून पुढे कडा सुरू होतो. दाब थोडा उतरला तरी सॅचुरेशन धाडकन पडतं. नव्वदीवर उभा असलेला रुग्ण कड्याच्या काठावर असतो.

याचीच दुसरी बाजू म्हणजे १०० टक्के. ऑक्सिजन लावलेल्या रुग्णात १०० दिसत असताना दाब १०० असेल किंवा ४००, हे यंत्राला सांगता येत नाही. फुप्फुसांची अवस्था बिघडत चाललेली असूनही आकडा कितीतरी वेळ हलत नाही.

रुग्णाला ऑक्सिजन लावलाय, ९८ दाखवतंय. मग काळजी नको ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, त्याचं कारणही सांगते. एका रात्री शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात आलेल्या एका रुग्णाकडे मला बोलावलं. खरं तर बोलावलं होतं ते शेजारच्या खाटेसाठी. याच्या पडद्यावर ९८ होतं, वेव्ह सुरेख होती, नाकाला ऑक्सिजनची नळी. वेदनेसाठी मॉर्फिन दिलेलं होतं. जाता जाता मी त्याच्या पोटावर हात ठेवला आणि घड्याळाकडे पाहत राहिले. पूर्ण मिनिटात सहा श्वास. हाक मारली तर डोळे उघडेनात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. चार्टवर मात्र दर तासाला ‘सॅचुरेशन ९८’ अशी व्यवस्थित नोंद होती. वेळेत कळलं, उपचार झाले, तो बरा होऊन घरी गेला. पण त्या व्यवस्थित नोंदी मी अजून विसरलेले नाही.

ऑक्सिमीटर ऑक्सिजन मोजतो, श्वास मोजत नाही. श्वास मंदावला की कार्बन डायऑक्साइड साठतो. साध्या हवेवरच्या रुग्णात सॅचुरेशन लवकर पडतं आणि आपल्याला सावध करतं. वरून ऑक्सिजन दिला की हा इशारा झाकला जातो आणि कार्बन डायऑक्साइड वाढत राहिला तरी आकडा तसाच दिसतो. म्हणून गुंगीचं औषध, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं, भुलीनंतरचे पहिले तास, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, अशा रुग्णांत श्वासांची गती पूर्ण एक मिनिट मोजा, जागेपणाची पातळी तपासा. सोय असेल तर कॅप्नोग्राफ, म्हणजे बाहेर सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, लावा.

नोंद करतानाही नुसतं ‘९६’ लिहू नका. ‘९६, नाकातून २ लिटर ऑक्सिजनवर, श्वास १८’ असं लिहा. काल साध्या हवेवर ९६ आणि आज ६ लिटरवर ९६ असेल तर रुग्ण बराच खालावलाय, फक्त आकड्यात ते दिसत नाही.

सगळ्यांनाच १००पर्यंत न्यायचं का?

नाही. ऑक्सिजन हे औषध आहे आणि त्याला मात्रा असते. बहुतेक तीव्र आजारी प्रौढांसाठी ९४ ते ९८ हे लक्ष्य धरतात. दीर्घकालीन श्वसनविकारामुळे ज्यांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, त्यांच्यासाठी ८८ ते ९२. अशा रुग्णाला ‘बरं वाटेल’ म्हणून १०० वर नेलं तर तो गुंगीत जाऊ शकतो. रुग्णाचं लक्ष्य डॉक्टरांकडून विचारून घ्या आणि ते खाटेशी ठळक लिहून ठेवा, म्हणजे रात्रीच्या ड्यूटीवाल्यांना अंदाज करत बसावं लागणार नाही.

हात थंडगार आहेत, वाचनच येत नाही. काय करू?

रक्तदाब पडलेला, शरीर गार, रक्तवाहिन्या आकसलेल्या, रक्तवाहिन्या आकसणारं औषध चालू, या सगळ्यात बोटापर्यंत पुरेशी नाडी पोचत नाही. आधी रुग्णाकडे बघा. वाचन न येणं हाच कदाचित शॉकचा, म्हणजे शरीराला पुरेसं रक्त न पोचण्याच्या अवस्थेचा, पहिला पुरावा असेल. हाताला घाम, त्वचा फिकी, नख दाबून सोडल्यावर लाली उशिरा परत येते, असं असेल तर प्रोबशी (यंत्राच्या चिमट्याशी) खटपट सोडा आणि मदत बोलवा.

रुग्ण ठीक असेल तर हात पांघरुणात गुंडाळून ऊब द्या, हलकं चोळा, दुसरं बोट किंवा दुसरा हात पाहा. तरीही जमलं नाही तर कानाची पाळी किंवा कपाळ, पण त्यासाठी बनवलेला प्रोब वापरूनच. बोटाचा चिमटा कानाला लावलेला मी कितीदा पाहिलाय. तो आकडा दाखवतो, पण त्याची रचना आणि जाडी बोटाच्या हिशोबाने केलेली असते. तो आकडा ग्राह्य धरू नये.

प्रोब कुठे आणि कसा लावायचा?

तर्जनी किंवा मधलं बोट घ्या. बोट टोकापर्यंत आत जायला हवं आणि दिवा नखाच्या बाजूला यायला हवा. दिवा आणि सेन्सर बरोबर समोरासमोर येणं महत्त्वाचं. बोट अर्धवट आत असेल किंवा प्रोब सैल असेल तर काही प्रकाश बोटातून न जाता कडेने थेट सेन्सरवर पडतो आणि आकडा भरकटतो. लहान मुलाला मोठ्यांचा चिमटा लावला की नेमकं हेच होतं.

बीपीचा कफ एका हाताला आणि प्रोब दुसऱ्या हाताला लावा. एकाच हाताला दोन्ही असले तर कफ फुगला की नाडी बंद, अलार्म सुरू, आणि ‘हा नेहमीच वाजतो’ म्हणून पुढचा खरा अलार्मही दुर्लक्षिला जातो. चिकटपट्टीने प्रोब घट्ट आवळू नका. त्याने शिरांमध्ये रक्त साचतं, त्यालाही ठोके लागतात आणि वाचन खोटं खाली येतं.

नखांवर रंग आहे. काढायलाच हवा का?

जमत असेल तर काढा, विशेषतः काळा, निळा, हिरवा. आधुनिक यंत्रांत फरक बहुधा थोडाच पडतो. काढणं शक्य नसेल तर प्रोब बोटाला आडवा, म्हणजे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे लावून पाहा. जाड कृत्रिम नखं असतील तर दुसरी जागा निवडा.

सावळ्या किंवा काळ्या त्वचेत यंत्र चुकतं, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि आपल्या व्यवसायाने याकडे फार उशिरा लक्ष दिलं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पडद्यावर ९२ ते ९६ दिसत असताना धमनीतलं सॅचुरेशन प्रत्यक्षात ८८च्या खाली असणं, हे कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा आढळलं आणि श्वेतवर्णीयांत ३.६ टक्के वेळा. सुमारे तिप्पट फरक. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या मर्यादेबद्दल जाहीर इशारा दिला.

त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं आणि चूक बहुधा एकाच दिशेने होते: आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. ज्याला ऑक्सिजनची गरज आहे त्याचाच आकडा ‘ठीक’ दिसावा, हे मला फार अन्यायाचं वाटतं. यंत्रं सुधारेपर्यंत आपल्या हातात आहे ते करायचं. गडद त्वचेच्या रुग्णाचा आकडा सीमेवर असेल, किंवा आकडा चांगला पण रुग्ण धापा टाकतोय असं असेल, तर रक्तातल्या वायूंची तपासणी म्हणजे एबीजी करून घेण्याचा आग्रह धरा. ओठांपेक्षा तोंडाच्या आतला भाग, जीभ आणि पापणीच्या आतली बाजू बघा.

आकडा उत्तम, पण रुग्ण गंभीर, असं कधी होतं?

पहिलं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीत धूर कोंडला, आगीतून कुणाला बाहेर काढलं, तर हा वायू हिमोग्लोबिनला घट्ट चिकटलेला असतो. साध्या ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनच भासतो. रुग्णाचं डोकं दुखतंय, तो गोंधळलेला आहे, आणि पडद्यावर ९८ किंवा ९९. इथे त्या आकड्याने धीर धरणं जिवावर बेतू शकतं. पूर्ण क्षमतेने ऑक्सिजन सुरू करा आणि हिमोग्लोबिनला काय चिकटलंय ते वेगळं ओळखणाऱ्या को-ऑक्सिमीटरवर रक्त तपासा. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चारपाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. म्हणजे ‘आकडा चांगला आहे, ऑक्सिजन नको’ असं म्हणण्याची किंमत किती, ते बघा.

दुसरं, रक्तक्षय. हिमोग्लोबिन १५ असलेल्या माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. हिमोग्लोबिन ५वर आलं की तोच ७च्या खाली येतो, आणि ऑक्सिमीटर दोघांनाही ९९ देतो. हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन वाहणाऱ्या गाड्या समजा: गाड्या कमी झाल्यात, पण आहेत त्या भरलेल्या आहेत. यंत्र फक्त किती टक्के भरल्यात ते सांगतं.

ऑक्सिजन कितीही वाढवला तरी आकडा ८५च्या आसपासच. काय असेल?

मेथहिमोग्लोबिनची शंका घ्या. डॅप्सोन, नायट्राइट, बधिर करण्यासाठी वापरलेलं प्रिलोकेन किंवा बेंझोकेन, अशा कारणांनी हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि ते दोन्ही प्रकाश जवळजवळ सारखेच शोषतं. यंत्राच्या गणितात त्याचं उत्तर ८५कडे झुकतं. काढलेलं रक्त चॉकलेटी दिसतं. यावर दिलं जाणारं मिथिलीन ब्लू स्वतःही निळं असल्यामुळे ते दिल्यावर काही मिनिटं आकडा आणखी पडतो, तेव्हा घाबरून जाऊ नका.

ऑक्सिजन सुरू केला तरी आकडा लगेच का वाढत नाही?

फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि यंत्र काही सेकंदांची सरासरी काढूनच आकडा दाखवतं. बोटावर अर्ध्या मिनिटाचा उशीर सहज होतो, गार हातांत त्याहून जास्त. इंट्युबेशन करताना, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालताना, हे लक्षात ठेवा. नळी योग्य जागी बसल्यावरही आकडा काही क्षण खाली येत राहील, आणि नळी चुकली असली तरी तो काही काळ चांगलाच दिसेल. नळीची जागा कॅप्नोग्राफवरच पक्की करा.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं सॅचुरेशन ६५ दिसलं. घाबरायचं का?

पहिल्या दोन मिनिटांत ते स्वाभाविक आहे. प्रोब उजव्या हाताला लावा, कारण मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताची स्थिती तिथे कळते. पहिल्या मिनिटाला ६० ते ६५, तिसऱ्या मिनिटाला ७० ते ७५, पाचव्या मिनिटाला ८० ते ८५ आणि दहाव्या मिनिटाला ८५ ते ९५, अशी चढण अपेक्षित असते.

जन्मजात हृदयदोषाच्या चाळणीसाठी साधारण २४ तासांनी उजवा हात आणि एक पाय, दोन्हीकडे मोजतात. ९० पेक्षा कमी आलं तर लगेच डॉक्टरांना सांगा.

मुदतीआधी जन्मलेलं, ऑक्सिजनवर असलेलं बाळ १०० दाखवत असेल तर समाधान मानू नका. जास्तीचा ऑक्सिजन त्याच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा करतो. या बाळांसाठी अलार्मची वरची मर्यादाही तितक्याच काळजीने लावायची असते.

प्रोबमुळे इजा होते का?

होते. सतत एकाच जागी राहिलेल्या प्रोबने कातडीवर व्रण पडतात, क्वचित भाजतं. नवजात बाळं, वृद्ध आणि शॉकमधले रुग्ण यांत धोका जास्त. चिकटणारा प्रोब दर चार तासांनी काढून खालची कातडी बघा, चिमट्याच्या प्रोबची जागा दोन तासांनी बदला, आणि कंपनीच्या सूचना याहून कडक असतील तर त्या पाळा. एमआरआयला नेताना साधा प्रोब काढून ठेवा, तिथे तो आणि त्याची वायर तापून कातडी भाजू शकते. दोन रुग्णांच्या मधे प्रोब पुसणं विसरू नका.

घरी मोजताना काय काळजी घ्यावी?

पाच मिनिटं शांत बसा. हात उबदार ठेवून छातीच्या पातळीवर टेकवा. बोट हलवू नका, थेट उन्हात मोजू नका. पहिला आकडा घेऊ नका, अर्धा ते एक मिनिट थांबून स्थिरावलेला लिहा. तब्येत चांगली असतानाच काही दिवस मोजून स्वतःचा नेहमीचा आकडा माहीत करून घ्या. उंच डोंगराळ भागात राहणाऱ्यांचा तो मुळातच कमी असतो.

एरवी निरोगी प्रौढात ९५ आणि वर सामान्य मानतात. ९३-९४ आलं तर तासाभरात परत मोजा आणि डॉक्टरांशी बोला. ९२ किंवा खाली स्थिर राहिलं तर रुग्णालय गाठा. आणि बोलताना धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, माणूस गोंधळलेला वाटत असेल, तर आकडा काहीही असो, वाट पाहू नका.

घड्याळातली सॅचुरेशनची सोय बऱ्याचदा वैद्यकीय वापरासाठी प्रमाणित नसते. त्यावर उपचार ठरवू नका.

रुग्ण सारखा प्रोब ओढून काढतो. हात बांधून ठेवावा का?

आधी हे विचारा की तो आत्ताच असा का करायला लागला. मेंदूला ऑक्सिजन कमी पडू लागला की माणूस अस्वस्थ होतो, पांघरूण भिरकावतो, नळ्या ओढतो, उठून बसायला बघतो. दुपारपर्यंत शांत असलेले आजोबा संध्याकाळी ‘ऐकेनासे’ झाले तर ते हट्ट करतायत असं समजू नका. खुर्ची ओढून शेजारी बसा, त्यांचा हात आपल्या हातात धरा, प्रोब त्याच बोटावर स्वतः धरून ठेवा आणि वेव्ह स्थिर होईपर्यंत बोलत राहा. तेवढ्यात दुसऱ्या हाताने श्वास मोजून होतात. आकडा चांगला आला तरी लघवी तुंबली आहे का, कुठे दुखतंय का, ते विचारा. आकडा कमी आला तर त्यांना उठवून बसतं करा, ऑक्सिजन द्या आणि डॉक्टरांना बोलवा.